तिसऱ्यांची खाडी नकाशावर आणा

(मावळातल्या वडिवळे इथे झालेल्या युवा शिबिरातलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



धरणाच्या शेजारी बसून मी तुमच्याशी तिसऱ्या, मुळे आणि कालवं यांच्याबद्दल बोलणार आहे. समुद्र इथून खाली, घाट उतरून पुढे. विषय कुठून कुठे चालला असं वाटेल, म्हणून आधी पाण्याचा रस्ता सांगते.

वडिवळे धरण कुंडली नदीवर आहे. काही नकाशांत तिचं नाव कुंडलिका असंही दिसतं. ही नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. पण मावळातलं सगळंच पाणी पूर्वेला जात नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या टाटांच्या धरणांचं पाणी घाटातून मोठ्या नळांनी खोपोलीच्या वीजघरात उतरवलं जातं. १९१५ पासून हे चालू आहे. वीज काढून झाली की तेच पाणी पाताळगंगेत येतं. पाताळगंगा खोपोलीवरून, रसायनीच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून धरमतरच्या खाडीला जाते. शेजारच्या मुळशीचं पाणी असंच भिरा वीजघरातून दुसऱ्या एका कुंडलिकेत उतरतं. ती कुंडलिका रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीवरून रेवदंड्याच्या खाडीला मिळते.

म्हणजे या डोंगरावर पडलेला पाऊस धरमतरच्या चिखलातही पोचतो. त्या चिखलात ओहोटीच्या वेळी बायका वाकून तिसऱ्या वेचत असतात. वरून निघालेलं पाणी त्यांच्या हातापर्यंत जाताना वाटेत त्यात काय काय मिसळतं आणि त्याचा जाब कोण देतं, एवढाच आजचा विषय आहे.

मला ठाऊक आहे, इथे निम्म्याहून जास्त जण घाटावरचे आहेत. तुमच्यातले बहुतेक हनफी. तुमच्या घरी तिसऱ्या शिजत नाहीत, कोळंबीवरूनसुद्धा वाद होतो. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई, आमच्याकडे समुद्रातलं खाणं हलाल मानलं जातं. त्यामुळे तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी हे आमचं घरचं जेवण. शिबिरात जेवताना यावरून थट्टा होते, होऊ दे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कुराणात खाण्याबद्दल हलाल हा शब्द अनेक ठिकाणी एकटा येत नाही, सोबत तय्यब येतो. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, अंगाला बाधणार नाही असं. हलाल की नाही हे आपण मौलानांना विचारतो. तय्यब आहे की नाही हे कोणाला विचारायचं? शिंपल्याच्या बाबतीत त्याचं उत्तर प्रयोगशाळेत आहे, आणि प्रयोगशाळेला नमुना द्यायचं काम सरकारचं आहे. हा प्रश्न कुठल्या मसलकचा नाही. तो कोळणीचा आहे, आगऱ्याचा आहे, कातकऱ्याचा आहे आणि आपलाही आहे.

आता शिंपल्याचं वेगळेपण. मासा पोहतो. पाणी खराब झालं तर जमेल तेव्हा दुसरीकडे निघून जातो. तिसरी चिखलात रुतलेली असते, कालव खडकाला चिकटलेलं असतं. त्यांना पळता येत नाही. शिवाय त्यांचं खाणंच असं की पाणी आत ओढायचं, गाळायचं, त्यातले सूक्ष्म जीव ठेवून घ्यायचे आणि पाणी बाहेर सोडायचं. मोठं कालव पाणी कोमट आणि चांगलं असेल तर दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. म्हणून शिंपल्यांनी भरलेली खाडी स्वतःच एक गाळणी असते. पण गाळणीत जे अडकतं ते गाळणीतच राहतं. पाण्यात मैला असेल तर त्यातले जंतू शिंपल्यात साठतात. पारा, शिसं, कॅडमियम असेल तर तेही साठतं. पाण्यात थोडं असलेलं विष शिंपल्यात कितीतरी पट होतं.

घरात कोणी म्हणेल, आपण शिजवून खातो, कच्चं थोडंच खातो. खरं आहे, शिजवल्याने बरेच जंतू मरतात. पण कावीळ करणारा हेपॅटायटिस ए हा विषाणू चिवट आहे. तो मारायचा तर शिंपल्याच्या आतल्या मांसाला ९० अंश सेल्सियसची उष्णता दीड मिनिट मिळावी लागते. शिंपला उघडला की उतरवलं, असं केलं तर तेवढी उष्णता आत पोचतेच असं नाही. आणि पारा किंवा शिसं कितीही उकळलं तरी जात नाही.

जगात हे कसं कळलं ते थोडक्यात सांगते. १९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेत न्यूयॉर्क, शिकागो अशा शहरांत टायफॉइडची साथ आली. सुमारे १५०० लोक आजारी पडले, १५० च्या आसपास दगावले. कारण निघालं मैलापाण्यात वाढलेली कालवं. १९२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने राज्यांना आणि व्यापाऱ्यांना एकत्र बसवून एक राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. तिचं मुख्य सूत्र अजून तेच आहे. बाजारातल्या टोपलीवर नजर ठेवून भागत नाही, शिंपला जिथे वाढतो ती जागा तपासा. प्रत्येक जागेच्या आसपास कुठली गटारं, कुठले कारखाने आहेत हे पाहायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे आणि जागेला दर्जा द्यायचा. इथे काढायला हरकत नाही, इथे अटींवर, इथे अजिबात नाही. मोठा पाऊस झाला आणि गटारं तुंबून वाहिली की अनेक जागा काही दिवस बंद ठेवतात, पाणी तपासतात आणि मग उघडतात. युरोपातही जागांना ए, बी, सी असे दर्जे असतात. तिथे शिंपल्याच्या मांसातले ई. कोलाय जंतू मोजतात. वरच्या दर्जाच्या जागेतलाच माल थेट विकता येतो. बी दर्जाचा माल आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावा लागतो किंवा ठरलेल्या पद्धतीने शिजवावा लागतो.

व्यवस्था नसली तर काय होतं याचं उदाहरण चीनमधलं शांघाय. १९८८ च्या सुरुवातीला तिथे मैलापाण्याने दूषित झालेले शिंपले अर्धेकच्चे खाल्ल्यामुळे जवळपास ३ लाख लोकांना कावीळ झाली. आणि धातूचं उदाहरण जपानचं मिनामाता. एका रासायनिक कारखान्याचा पारा खाडीत जात होता. तिथले मासे आणि शिंपले खाणाऱ्या कोळी कुटुंबांचे हातपाय थरथरू लागले, बोलणं जड झालं, मुलं जन्मतःच आजारी निघाली. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची. कारखान्याचा पारा हेच कारण असल्याचं सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली १२ वर्षं लोक तेच मासे खात राहिले.

आता आपल्याकडे या. तुम्हाला वाटेल आपल्याकडे कायदाच नसेल. आहे, आणि नीट वाचला तर चांगला आहे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झालं, केंद्राचा जल प्रदूषण कायदा येण्याच्याही चार वर्षं आधी. १९७४ च्या त्या कायद्याने मंडळाला कारखान्यांना अटी घालण्याचा अधिकार दिला, पुढे १९८८ च्या दुरुस्तीने कारखाना बंद करण्याचे आणि त्याची वीज-पाणी तोडण्याचे आदेश द्यायचा अधिकारही दिला. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये किनाऱ्याच्या पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत, एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५. पाचवा वर्ग जहाजांच्या वाहतुकीचा आणि नियंत्रित सांडपाणी सोडण्याचा. चौथा बंदराचा. तिसरा कारखान्यांच्या थंड करण्याच्या पाण्याचा आणि नुसतं काठावर फिरण्याचा. दुसरा पोहण्याचा आणि व्यापारी मासेमारीचा. आणि पहिला, सगळ्यात कडक वर्ग कोणासाठी? मिठागरं, शिंपले गोळा करणं, समुद्री शेती आणि पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक जागा यांच्यासाठी. या वर्गात पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पारा, शिसं, कॅडमियम प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवं. सांडपाण्याचा गाळ नको, वास नको, रंग नको.

म्हणजे आपल्या देशाच्या कागदावर तिसऱ्या वेचणाऱ्या बाईचा चिखल पहिल्या वर्गात आहे. बंदराच्या वर, हॉटेलच्या किनाऱ्याच्याही वर. मग अडतं कुठे?

माझं रोजचं काम माहितीच्या तक्त्यांशी आहे, म्हणून मी मंडळाचे पाण्याचे अहवाल तक्ता वाचावा तसे वाचले. मंडळ राज्यभर शेकडो ठिकाणी पाणी तपासतं, आकडे जाहीर करतं, हे चांगलं काम आहे. त्या अहवालांत नदी आहे, खाडी आहे, समुद्र आहे, नाला आहे, विहीर आहे. 'लोक जिथून शिंपले काढून खातात ती जागा' असा रकाना नाही. आणि ज्या तक्त्यात रकानाच नाही, त्यात किती शोधलं तरी काही सापडणार नाही. पहिला वर्ग नियमात आहे, पण अमुक खाडीचा, अमुक गावासमोरचा एवढा पट्टा पहिल्या वर्गाचा आहे असं गावागावाच्या पातळीवर कोणी लिहून ठेवलेलं नाही. पट्टा ठरलेला नाही म्हणून मोडला असं म्हणता येत नाही. कारखान्याला विचारलं तर तो आपल्या परवान्यातल्या अटी दाखवतो. नगरपालिकेला विचारलं तर प्रक्रिया केंद्राचा प्रस्ताव पाठवला आहे असं उत्तर मिळतं. दोघांचेही कागद बरोबर असतात आणि तिसरी मरते.

याच्या उलट, सांडपाणी सोडायच्या जागा मात्र नकाशावर नेमक्या आहेत. कोकणातल्या रासायनिक वसाहतींचं पाणी सामायिक केंद्रात प्रक्रिया करून पाइपने खाडीच्या खाऱ्या पट्ट्यात सोडायचं, ही आपल्याकडची ठरलेली पद्धत. लोटे परशुरामचं पाणी करंबवणेजवळ दाभोळ खाडीत जातं. त्याच वाशिष्ठीच्या खोऱ्यात चिपळूणजवळ मिरजोळी आहे, हमीद दलवाईंचं गाव. दाभोळ खाडीत मासे मरून वर आल्याच्या बातम्या तिथल्या लोकांनी अनेकदा वाचल्या आहेत, आणि मासे डोळ्यांनी पाहिलेही आहेत. या पद्धतीमागचा विचार असा की भरती-ओहोटी सगळं धुऊन नेईल. पण भरती जसं बाहेर नेते तसं परत आतही आणते. आणि ओहोटीला जो चिखल उघडा पडतो तोच शिंपल्याचा चिखल.

केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सगळ्यात जास्त. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर आला, आपला ५५ झाला. आपली इंद्रायणी त्या यादीत आहे, पाताळगंगाही आहे. आळंदीच्या यात्रेच्या वेळी वडिवळे धरणातून इंद्रायणीत पाणी सोडतात. वारकऱ्यांना बरं पाणी मिळावं म्हणून ते गरजेचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण घाण तेवढीच ठेवून पाणी वाढवणं आणि घाण थांबवणं यात फरक आहे. खाडीच्या शिंपल्यासाठी वरून कोणी धरण सोडत नाही.

हे सगळं फक्त कारखान्यांचं पाप आहे असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. जंतूंचा प्रश्न बहुतांशी गावा-शहरांच्या मैल्याचा आहे. लोणावळ्यातली हॉटेलं, खोपोली, पेण, रोहा, चिपळूण, सगळीकडे घरांचं आणि हॉटेलांचं पाणी कुठे जातं हे विचारलं पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातलंही. बकरी ईदच्या दिवशी आतडी आणि शेण नाल्यात जात असेल तर तो नाला पुढे कोणाच्या तरी खाडीलाच मिळतो. हे सांगायला दुसरं कोणी येण्याची वाट कशाला पाहायची? मशिदीच्या कमिटीने आणि नगरपालिकेने ईदच्या आठ दिवस आधी बसून गाड्या आणि खड्डे ठरवले तर हा प्रश्न एका बैठकीत सुटतो. दुसऱ्याला इजा पोचवू नये हे आपल्या फिकहमधलं पायाचं तत्त्व आहे. ते फक्त निकाह-तलाकच्या मसल्यांपुरतं ठेवायचं नसतं.

कोणी म्हणेल कोर्टात जा. गेले आहेत लोक. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या भरावामुळे आणि कांदळवन तोडल्यामुळे आमची मासेमारी गेली म्हणून राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाकडे अर्ज केला. २७ फेब्रुवारी २०१५ ला निकाल लागला. १६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्या असा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना झाला. मोठा निकाल. पण प्रकरण तिथेच संपलं नाही, ते पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. या निकालातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, हाताने आणि छोट्या होडीने मासे पकडणाऱ्याचाही हक्क कायदा मानतो. दुसरी, भरपाई नेहमी उशिरा येते, चिखल गेल्यावर. पैशाने कुटुंब तगेल, खाजण परत येत नाही. म्हणून मी म्हणते की आधीची तरतूद मागा.

मागायचं काय, ते मोजून सांगते.

पहिलं, जागांची यादी. मत्स्यव्यवसाय विभागाने प्रत्येक खाडीतल्या तिसऱ्या, मुळे, कालवं, शिनाणे काढण्याच्या जागा नकाशावर आणाव्यात. ही माहिती कार्यालयात बसून मिळणार नाही, वेचणाऱ्या बायकांना विचारावं लागेल. उधाणाला कुठला चिखल किती उघडा पडतो, कुठे पूर्वी मिळायच्या आणि आता मिळत नाहीत, हे त्यांना तोंडपाठ असतं. शास्त्रीय मदतीला रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे.

दुसरं, त्या जागांना एसडब्ल्यू-१ चा दर्जा नावानिशी जाहीर करा. गाव, हद्द, अक्षांश-रेखांश सगळं लिहून. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कोळीवाडे आणि मच्छीमारांच्या सामाईक जागा नकाशावर दाखवा असं म्हटलंच होतं. शिंपल्याचा चिखल ही सामाईक जागा नाही तर काय आहे?

तिसरं, तपासणी. पाण्याची दर महिन्याला आणि शिंपल्याच्या मांसाची ठरावीक काळाने. मांस तपासणं महत्त्वाचं, कारण पाण्याचा नमुना त्या दिवसाचं सांगतो, शिंपला मागच्या कित्येक दिवसांचं सांगतो.

चौथं, निकाल मराठीत आणि जिथे लागेल तिथे उर्दूत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि मोबाइलवर. वेबसाइटच्या कोपऱ्यातली पीडीएफ म्हणजे जाहीर करणं नव्हे. पहाटे चिखलात उतरणाऱ्या बाईला आदल्या रात्री कळलं पाहिजे की उद्या काढायचं की नाही.

पाचवं, आणि हे विसरलात तर आपण त्या बायकांचंच नुकसान करू. जागा बंद केली तर भरपाई द्या. आपला १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा मुख्यतः नौका आणि जाळी डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. हाताने वेचणारी बाई ना नौकेची मालकीण, ना खलाशी. तिची नोंद आधी झाली पाहिजे. तिची नोंद न करता नुसती बंदी घातली तर प्रदूषण करणारा मोकळा राहील आणि वाटा मांडून बसणारीची टोपली उचलली जाईल. आणि बंदी म्हणजे शेवट नाही. कुठल्या गटारामुळे, कुठल्या पाइपमुळे जागा बंद झाली ते शोधून, ठरलेल्या मुदतीत ते बंद करून जागा पुन्हा उघडणं, हे सरकारचं खरं काम.

सरकार, शास्त्रज्ञ आणि मच्छीमार एकत्र बसले तर होतं, याचं उदाहरण शेजारी केरळात आहे. कोल्लमच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. तिथला मुख्य प्रश्न अति उपशाचा होता, प्रदूषणाचा नाही, आणि माल परदेशी जात होता म्हणून सगळ्यांना घाईही होती. पण त्यातून एवढं सिद्ध झालं की शिंपल्याच्या जागेला नियम घालता येतात आणि लोक ते पाळतात. आमच्या तिसऱ्या परदेशी जात नाहीत, पेणच्या आणि रत्नागिरीच्या बाजारात जातात. गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून तपासणी नको, असं कोणी उघड म्हणणार नाही. पण आज व्यवहार तसाच आहे.

आता तुमचं काम. हे मी घोषणेसारखं सांगत नाही, घरी गेल्यावर करण्यासारखं सांगते.

जे खाडीकाठचे आहेत त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का ते विचारा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ती असायलाच हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. त्या नोंदवहीत तुमच्या गावच्या शिंपल्यांच्या जागा लिहून घ्या. कोण काढतं, कुठल्या महिन्यांत, पूर्वी किती मिळायचं. मोबाइलवर जागेचा बिंदू घेता येतो, तेवढं तंत्रज्ञान प्रत्येकाच्या खिशात आहे. जागा पंचायतीच्या कागदावर आली की पुढच्या प्रत्येक अर्जाला तिचा आधार मिळतो.

जे शहरातले आणि घाटावरचे आहेत त्यांनी माहितीचा अधिकार वापरा. १० रुपये शुल्क, अर्ज ऑनलाइनही करता येतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रदूषण मंडळाला तीन प्रश्न विचारा. अमुक खाडीच्या पाण्याला कुठला वर्ग लावला आहे? मागच्या तीन वर्षांचे तपासणीचे आकडे काय? त्या खाडीत कोणकोणाला सांडपाणी सोडायची परवानगी आहे आणि नेमकी कुठे? मत्स्यव्यवसाय विभागाला एक प्रश्न विचारा, शिंपले काढण्याच्या जागांची यादी आहे का? 'अशी माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. ते उत्तर सहीशिक्क्यानिशी आलेलं असतं. आपल्या मागणीचा पहिला पुरावा तोच. मावळातल्या मुलांनी इंद्रायणीबद्दल आणि लोणावळ्याच्या सांडपाण्याबद्दल तेच प्रश्न विचारा.

त्याने काम झालं नाही तर हरित लवाद आहे, आणि तो पुण्यातच आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १००० रुपये आहे. पण मुदत लक्षात ठेवा. कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, भरपाईसाठी पाच वर्षांत. म्हणून फोटो, तारीख, जागा यांची नोंद त्याच दिवशी ठेवा. मासे मेल्यावर व्हिडिओ सगळेच काढतात. तारीख आणि जागा लिहून ठेवणारे कमी असतात, आणि अर्जाला तीच लागते.

शेवटची गोष्ट. आपल्या समाजातल्या मुलामुलींना सार्वजनिक जीवनात बहुतेक वेळा एकाच कारणासाठी बोलावलं जातं. मुसलमानांचा काही प्रश्न निघाला की आपण हजर, एरवी आपली खुर्ची रिकामी. संविधानाच्या ५१ क अनुच्छेदात नद्या, तलाव, वनं यांचं रक्षण हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. तिथे धर्माचा रकाना नाही. ग्रामसभेत खाडीचा विषय कोळी मांडतो तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहून 'ही आमचीही खाडी आहे' असं म्हणणं, याच्याइतकी साधी आणि पक्की नागरिकता दुसरी नाही. पुढच्या वेळी त्याला आपल्या बाजूला उभं राहायला सांगावंही लागणार नाही.

आज संध्याकाळच्या गटचर्चेत प्रत्येक जिल्ह्याच्या गटाने एक खाडी किंवा एक नदी निवडावी, अर्ज कोण लिहिणार त्याचं नाव ठरवावं आणि तारीख घालावी. रायगड, रत्नागिरी आणि मावळ या तीन गटांचे अर्ज आज इथेच लिहून होतील, मी मदतीला बसते. उत्तरं आली की ती आपण या मासिकात छापू, आली तशी.